छोटा अँप आणि आतून न उघडणारी खोली

“दार पूर्ण ओढू नकोस हं. आतली मूठ नुसती फिरते, उघडत नाही. ही पाचर मध्ये राहू दे.”

व्हॉल्व्हवाल्या काकांनी हे मला स्पष्ट सांगितलं होतं. मी “हो हो” म्हटलं आणि सोडून दिलं. माझं सगळं लक्ष तेव्हा बाबागाडी कुठे उभी करायची याच्यात अडकलं होतं.

काकांचं दुकान म्हणजे रस्त्यापासून चार पायऱ्या खाली उतरून दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतभर लांब बाक, त्यावर पोट उघडून ठेवलेले गिटारचे अँप, म्हणजे आवाज मोठा करणारे अँप्लिफायर, भिंगाचा दिवा, वायरींना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न आणि स्क्रूंनी भरलेले पत्र्याचे डबे. आतली खोली वाजवून बघायची. तिच्या भिंतींना जाड स्पंज, स्पंजावर जुने गालिचे ठोकलेले, दाराला फ्रीजच्या दारासारखी रबरी पट्टी आणि दारात वहीच्या पानाएवढी दुहेरी काच. काकांकडे फक्त व्हॉल्व्हचे अँप असतात. त्यांच्या पोटात काचेच्या नळ्या असतात, त्या तापून नारिंगी होतात आणि मगच आवाज फुटतो. कोणी ट्रान्झिस्टरचा अँप दुरुस्तीला आणला तर काका त्याला सांगतात, “पुढच्या चौकात मिक्सर दुरुस्त करतात, तिकडे दाखवा.”

आम्हाला माझ्या दिराने गाडीने सोडलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि माझी मुलगी. तिला घरात मुंगी म्हणतात, कारण जे तिच्यापासून लपवून ठेवावं तिथे ती बरोबर पोचते. अजून वर्षाची व्हायची आहे, पण रांगते अशी की मागे धावणाऱ्याचा दम निघतो. दिराला गाडीची बॅटरी बदलून घ्यायची होती. तो म्हणाला, “वहिनी, तुमचं होईपर्यंत माझं होईल. मला तशीही गिटार आणि खराटा यातला फरक कळत नाही.” आणि गेला.

मुंगी गाडीतच झोपली होती. तिला तसंच उचलून बाबागाडीत ठेवलं होतं. पट्टा लावला नव्हता. पट्ट्याचा वळ उठतो आणि ती जागी होते.

मूल झाल्यापासून माझे कान माझे राहिलेले नाहीत. अंघोळ करताना मी मध्येच नळ बंद करून ऐकते. लिफ्टचं दार करकरलं तरी मला ती रडल्यासारखं वाटतं. ती झोपलेली असते तेव्हा ती श्वास घेतेय ना, हे ऐकायला मी स्वतःचा श्वास रोखून उभी राहते. सासूबाई म्हणतात, अगं, मुलं अशी मोडत नाहीत. नवरा बोटीवर आहे, तो फोनवर म्हणतो, जरा मोकळी हो. पण कानांना दार नसतं, मोकळं कुठून व्हायचं?

गिटार मी कॉलेजात असताना वाजवायचे. आमच्या बँडचा अँप ड्रमवाल्याच्या मामाचा होता. कॉलेज संपलं आणि अँप मामाकडे परत गेला. मुंगी झाल्यावर पाळण्याशेजारी बसून मी नुसतीच गिटार वाजवायचे, कशालाही न जोडता. खालच्या जाड तारांवरचा ब्लूजचा एक तुकडा, संथ, तेच ते चार स्वर फिरून फिरून. तेवढ्यावर ती झोपते. इलेक्ट्रिक गिटार अशी वाजवली की तिचा आवाज डब्यावर रबर ताणून वाजवल्यासारखा येतो. नवऱ्याने एकदा फोनवर ते तुणतुण ऐकलं आणि म्हणाला, “या वाढदिवसाला साडी नको, काही नको. अँप घे. खरा घे.”

तेव्हापासून दुपारी ती झोपली की मी अँपबद्दल वाचत बसायचे. पहिला व्हॉल्व्ह अँप घेताना माणसं मोठा घेतात आणि पस्तावतात, हे कळलं. व्हॉल्व्हवर ताण आला की त्यातला गोडवा बाहेर येतो. मोठा अँप घरात आवाजाच्या पहिल्या आकड्याच्या पुढे नेता येत नाही, मग तो कोपऱ्यात घोरत पडतो. ब्लूजला असा हवा की तार हलकी छेडली तर स्वच्छ बोलेल आणि जोरात छेडली तर घसा बसल्यासारखा फाटेल. रॉकला थोडं अंग जास्त लागतं. इतकं सगळं कळलं, पण कुठला घ्यायचा ते काही ठरेना. वाचून आवाज कळत नाही, म्हणून काकांकडे आले.

काका म्हणजे बोलण्याचा धबधबा. आयुष्यभर मोठमोठ्या मंचांच्या मागे अँप सांभाळत उभे राहिले आणि कान घालवून बसले. आता कानात यंत्र घालतात, पण अँपजवळ गेलं की ते यंत्र शिट्ट्या मारतं. म्हणून कामाला बसताना काढून चहाच्या जुन्या डब्यात टाकतात. मग त्यांना काहीच ऐकू येत नाही, आणि तरी ते बोलायचे थांबत नाहीत. मी विचारलं, मग दुरुस्त झालेला अँप कसा वाजतो ते तुम्हाला कळतं कसं? तर काकांनी पायातली चप्पल काढून दाखवली. बाकाखाली एक जुनी स्पीकरची पेटी होती, तिची वायर भिंतीतून आतल्या खोलीत गेलेली. गिऱ्हाईक आत वाजवतं, आवाज या पेटीतही घेतात आणि काका पेटीला अनवाणी पाय लावून बसतात. “कान गेले, तळपाय राहिलाय,” ते म्हणाले. “तळपाय खोटं बोलत नाही. गिऱ्हाइकं बोलतात.”

ही पेटी आणि बाकाचा पाय यांच्यामधली जागाच त्या खोलीत तेवढी बरी होती. दाराचा वारा लागत नव्हता, सोल्डरिंग आयर्न लांब होतं. मी काकांना म्हटलं, बाबागाडी इथे लावू का? ते म्हणाले, लाव की. आणि स्वतःचं स्टूल उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसले. तळपायासाठी पेटी उरली नाही, हे तेव्हा मला सुचलं नाही. त्यांनाही सुचलं नसावं.

आतल्या खोलीत त्यांनी माझ्यासाठी तीन अँप मांडले होते. एक छोटा, पाच वॉटचा, स्वयंपाकघरातल्या डब्याएवढा, स्पीकर आतच बसवलेला. एक मधला, ज्याच्या तळाशी स्प्रिंगा होत्या आणि त्यामुळे आवाज गुहेतून आल्यासारखा घुमायचा. आणि एक मोठा, ज्याचा स्पीकर वेगळ्या पेटीत होता. त्या मोठ्यावर हात ठेवून काका म्हणाले, “हा एक नंबरवरसुद्धा माझा बाक हलवतो. पण एक लक्षात ठेव. स्पीकर लावल्याशिवाय याला कधी चालू करायचं नाही. आवाजाला बाहेर जायला वाट नसली की हा आतल्या आत जळतो. वायर बदलायची तर आधी हे बटण खाली कर, त्याला झोपव, मग बदल.” मी मान डोलावली. हे मात्र मी नीट ऐकलं.

काका बाहेर गेले, यंत्र डब्यात टाकून कामाला लागले. मी पाचर मध्ये ठेवून दार टेकवलं आणि छोटा अँप लावला. पहिलाच स्वर वाजवला तर फटीतून बाहेर बघते, मुंगीच्या मुठी झोपेत उघडल्या आणि मिटल्या. पुन्हा वाजवला. पुन्हा मुठी. इतक्या लहान कानांवर हे? मी गिटार खाली ठेवली, पाचर पायाने सरकवली आणि दार ओढून घेतलं. रबराने एक छोटासा उसासा टाकला.

आणि शांतता झाली.

अशी शांतता मला कितीतरी महिन्यांत मिळाली नव्हती. लिफ्ट नाही, नळ नाही, शेजारचा टीव्ही नाही, आणि खरं सांगायचं तर, तीही नाही. तिच्या कानांसाठी मी दार लावलं हे खरंच आहे. पण दार लागल्यावर माझे खांदे जे खाली आले, ते तिच्या कानांसाठी नव्हते.

मी वाजवलं. छोट्यावर वाजवलं, मधल्यावर वाजवलं, मग मोठ्याला एकदा जरा जागं केलं. माझ्या पोटरीवर विजारीचं कापड थरथरलं. मधला फार गोड होता. प्रत्येक स्वराच्या मागे त्याची सावली येत होती. मी मनात जवळजवळ ठरवूनच टाकलं की हाच. मग एकदम वाटलं, खूप वेळ झाला. बघून यावं.

मूठ फिरवली. फिरली. परत फिरवली. सैल, निवांत फिरत राहिली, जशी रिकाम्या बाटलीवर झाकण फिरतं.

पहिल्यांदा मला स्वतःचा रागसुद्धा आला नाही, हसूच आलं. काचेवर बोटांनी टकटक केली. काचेतून काकांची पाठ दिसत होती, भिंगाच्या दिव्यावर वाकलेली, आणि बाकाचा तेवढाच भाग. बाबागाडी काचेच्या खाली, डाव्या हाताला होती. नाक काचेला चिकटवलं तरी तिचा टोपसुद्धा दिसेना. मी मुठीने दार बडवलं. गालिच्यांनी तो आवाज गिळला. हाका मारल्या. माझाच आवाज कापसात बोलल्यासारखा तोंडाजवळ पडला. आतल्या दिव्याचं बटणही बाहेर, म्हणजे दिवा लुकलुकवून खूण करता येईना. फोन पिशवीत, पिशवी बाबागाडीच्या दांड्याला. दीर बॅटरीच्या दुकानात, तिथे कोणाशी तरी क्रिकेटवर वाद घालत असणार.

मग हसू गेलं. कारण मला आठवलं की पट्टा लावलेला नाही.

ती उठली तर? उठली की ती आधी बसते, मग कडेला धरून उभी राहते, मग उलटी होऊन पाय खाली सोडते. घरी पलंगावरून अशीच उतरते. उतरली की समोर काय? बाकाच्या कडेवरून लोंबणारी आयर्नची वायर. बाजूला जमिनीवर उघडा ठेवलेला एक अँप, ज्याच्याकडे बोट दाखवून काका मला म्हणाले होते की हा बंद असला तरी आत करंट साठून राहतो, हात लावायचा नाही. ती रडली तर काकांना ऐकू येणार नाही. न रडता निघाली तर मलाही कळणार नाही. माझ्या कानांची कटकट मी इतके दिवस केली, आणि नेमके आत्ता ते बंद होते.

मग मला भिंतीतून आलेली वायर दिसली. काचेखाली तिचं टोक लोंबत होतं. वर काकांच्या अक्षरात चिकटपट्टी: ‘बाहेर’. ही मोठ्या अँपला लावली, नॉब फिरवला, की बाहेरच्या पेटीतून असा आवाज काढता येईल की बाकच काय, इमारत हलेल. काका उडून उभे राहतील. माझा हात वायरीवर गेलासुद्धा.

आणि तिथेच थांबला. ती पेटी मुंगीच्या डोक्यापासून वीतभर लांब होती. बाबागाडी मीच तिथे लावली होती.

मी वायर हातात धरून तशीच उभी राहिले. आत अडकलेलं माणूस मोकळं व्हायला काय वाट्टेल ते करतं म्हणतात. माझ्याकडे मोकळं व्हायचं बटण होतं आणि ते दाबलं असतं तर माझ्या मुलीचे कान गेले असते. काकांसारखे. समोर ती पाठ दिसत होती, निवांत, वाकलेली, कदाचित बडबडतही असेल.

कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकले होते. स्पीकर आणि माइक मुळात एकच, फक्त उलटे. पडदा हलला की करंट, करंट आला की पडदा हलतो. परीक्षेत पाठ केलं आणि विसरले. आता ते वाक्य हातातल्या वायरीत येऊन बसलं. ही वायर अँपच्या मागे, स्पीकरच्या जागी लावली तर मी बाहेर बोलू शकते. तीच अँपच्या पुढे, गिटारच्या जागी लावली तर बाहेरची पेटी माझा कान होईल.

आधी मोठ्यात लावली, कारण तो जवळ होता. नुसती घरघर, जणू समुद्रात डोकं घातलंय. मधल्यात लावली. आवाज आला, पण स्प्रिंगांनी त्याची अशी गुहा केली की खुर्ची सरकली, की कोणी खोकलं, की कोणी पडलं, काही कळेना.  मग छोट्यात लावली आणि नॉब हळूहळू फिरवला.

पंख्याची खरखर. पक्कड बाकावर ठेवल्याचा टक. काका गुणगुणत होते, भयंकर बेसूर. आणि या सगळ्याच्या अगदी पुढे, माझ्या गुडघ्याजवळच्या त्या डब्याएवढ्या पेटीतून, एक श्वास. नाक जरा चोंदलेलं. आत, बाहेर. आत, बाहेर.

मी जमिनीवर बसले आणि अँपला कान लावला. त्याची जाळी कोमट होती.

किती वेळ तशी बसले ते सांगता येणार नाही. ऐकत होते तोवर सगळं ठीक होतं. काकांची सर्दी, दारावरून गेलेली दुचाकी, तिचा श्वास. मग श्वास बदलला. आईला तो बदल कळतो, अँपमधून आला तरी कळतो. मग ‘ब्ब्ब’. मग कापड घासल्याचा आवाज. बाबागाडीची कुरकुर. मग काही नाही. मग खाली, लादीवर, तळव्यांचा चपचप आवाज.

ती उतरली होती.

मी उठून काच बडवली. पाठ हलली नाही. परत अँपपाशी आले. चपचप, चपचप, थोडी लांब. मग थांबली. काय दिसलं असेल तिला? काय चमकतंय? मला एकच गोष्ट माहीत होती जिच्यासाठी ती कुठूनही मागे वळते.

छोट्यातून वायर काढली. मोठ्याला झोपवलं, त्याची स्वतःची वायर काढली, मागे ‘बाहेर’वाली लावली, पुढे गिटार, मग उठवला. हा क्रम मात्र चुकला नाही. नॉब शून्याच्या जरासा पुढे. गिटारची सगळ्यात जाड तार मी पिळून सैल केली, इतकी सैल की स्वर कानाला कमी आणि अंगाला जास्त लागावा. आणि पाळण्याशेजारचा तो तुकडा वाजवायला लागले. तेच चार स्वर, संथ.

आता आवाज सगळा बाहेर जात होता. माझ्या खोलीत नुसतं तारेचं तुणतुण, डब्यावर ताणलेल्या रबराचं. घरी ऐकते तेवढंच. बाहेर तो किती मोठा आहे, तिला लागतोय का, ती वळली का, काहीही कळायला मार्ग नव्हता. चार वेळा वाजवून मी थांबले, मोठ्याला झोपवलं, वायर छोट्यात खुपसली.

थप. थप थप. कापडावर तळहात. अगदी पडद्यावर, माझ्या कानात. आणि मग तिचं ते लांबलचक ‘आंऽऽ’, म्हणजे अजून.

ती पेटीपाशी आली होती. पेटीला धरून उभी होती. मला रडू फुटलं आणि त्याच क्षणी पुढचंही समजलं. मी ऐकतेय तोवर पेटी मुकी आहे. पेटी मुकी राहिली तर ती तिथून जाईल. तिला तिथे थांबवायचं तर मला वाजवत राहावं लागणार, आणि वाजवत राहिले तर ती तिथे आहे की नाही हे मला ऐकू येणार नाही. थपथप मंदावत चालली होती.

मी वायर काढली, मोठ्याला लावली आणि त्याला परत उठवलं.

मग मी काचेशी उभी राहून वाजवत राहिले. थांबायचं नाही एवढंच ठरवलं. दर आवर्तनाला वाटायचं, आता गेली असेल, आता हात घातला असेल, एकदा फक्त ऐकून घेऊ. पण हात सोडला नाही. डोळे काकांच्या पाठीवर. सैल तारेचा तो जाड स्वर मी जरा लांब धरायला लागले, प्रत्येक वेळी, जसं झोपलेल्याला हलवताना आधी नुसता हात ठेवतात.

बाकावर काकांच्या कोपराजवळ स्क्रूंचा डबा होता. त्यातला वरचा एक स्क्रू घरंगळून खाली पडला. काकांनी तो उचलून परत टाकला. मी स्वर धरला. स्क्रू परत पडला.

काकांचा हात थांबला. त्यांनी पक्कड ठेवली. तळहात बाकावर पालथा ठेवला आणि मान वाकडी केली, डॉक्टर नाडी बघतात तशी. मग एकदम खाली वाकले आणि काचेतून नाहीसे झाले.

काचेत रिकामं स्टूल. मी वाजवत होते. थांबवलं तर काय होईल याची भीती होती, म्हणून वाजवत होते.

मग काचेत काकांचा चेहरा आला, आणि त्यांच्या खांद्यावर मुंगी. तिच्या मुठीत तो पडलेला स्क्रू होता आणि तो ती तोंडाकडे नेत होती. काकांनी तो शांतपणे काढून घेतला. तिने गळा काढला, मला दिसलं. ऐकू आलं नाही. मग बाहेरून दार उघडलं, रबराने पुन्हा उसासा टाकला आणि जगातला सगळा आवाज एकदम आत आला.

मी तिला ओढून छातीशी घेतलं. काकांनी यंत्र कानात घातलं आणि बोलायला सुरुवात केली. पाचर कशाला असते, शिकलेल्या माणसांना सांगून उपयोग नाही, हिने पेटीला मिठी मारली होती आणि तिकडे आयर्न तापलेलं. बोलता बोलता त्यांनी आयर्नचा प्लग काढला. 

तेवढ्यात दीर आला. आम्हाला बघून म्हणाला, “काय वहिनी, पसंत पडला का? की दोघी आवडला म्हणून रडताय?”

मी म्हटलं, पडला. छोटा.

काकांना पटेना. ते मधल्याची बाजू घेऊन भांडायला लागले. म्हणाले, ब्लूजला हा छोटा ठीक आहे, पण कधी रॉक वाजवावंसं वाटलं, सोबतीला ड्रम असला, तर हा चिरडला जाईल. पहिला अँप म्हणजे काही खेळणं नव्हे.

“काका,” मी म्हटलं, “बाकी दोघांपैकी एकातून मला समुद्र ऐकू आला, एकातून गुहा. याच्यातून ती ऐकू आली.”

मग मी काय केलं ते सांगितलं. काका छोट्यासमोर उकिडवे बसले, वायर त्यात लावून बघितली, मुंगीला बाहेर पेटीशी बडबडायला लावलं आणि आत जाळीवर तळहात ठेवून बराच वेळ बसून राहिले. 

निघताना दिराने स्क्रूड्रायव्हर मागितला. म्हणाला, दोन मिनिटांत मूठ बसवून देतो. काकांनी त्याला हातही लावू दिला नाही. माझं दुकान, माझी मूठ, मी बघेन. मी विचारलं, तुम्ही एकटे असताना आत जाता तेव्हा? पाचर विसरलात तर?

“झालंय की एकदा,” काका म्हणाले. “बसलो. कोणीतरी येतंच.”

छोटा अँप आता पाळण्याशेजारी असतो. नॉब दोनच्या पुढे नेला की गातो. मुंगी जाळीला तोंड लावून त्याच्याशी बोलते. मी अजूनही नळ बंद करून ऐकते, ते काही जायचं नाही. पण हल्ली मी आणखी एका माणसासाठी कान लावते आणि तो मला ऐकू येत नाही. काकांना मी अधूनमधून फोन करते. नुसता वाजत राहतो. उचलला नाही तरी काही कळत नाही, कारण यंत्र डब्यात असलं की ते उचलतच नाहीत. या आठवड्यात मुंगीला ताप आहे आणि दीर गावाला गेलाय. तेव्हा तुमच्यापैकी कोणी पहिला अँप घ्यायला म्हणून त्या चार पायऱ्या उतरणार असाल, तर दारात उभं राहून हाका मारत बसू नका. बाकावर दिवा चालू असेल, आयर्न तापलेलं असेल आणि स्टूल रिकामं असेल, तर सरळ आत जा आणि आधी त्या काचेतून बघा.